शेजार आणि राखण

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे भरलेल्या सभासद-कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



 सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी गौरवाची भाषणे व्हावीत हे योग्यच आहे, आणि संस्थेने केलेल्या कार्याचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथायोग्य केला आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. मी एक घरगुती विषय निवडला आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे गावी एक घर आहे. कोणाचे खानापूर तालुक्यात, कोणाचे बेळगावच्या पश्चिमेकडील खेड्यांत, कोणाचे चंदगडकडे. त्या घराची राखण कशी होते, आणि त्याच्या दोन्ही अंगांना जे शेजारी राहतात त्यांच्याशी आपले कसे आहे, हा तो विषय. हे दोन प्रश्न आपण निरनिराळे समजतो. माझ्या मते ते एकच आहेत, आणि हेच मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

पूर्वी गावाची राखण कशी होत असे ते आधी पाहू. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे १९१५ साली प्रसिद्ध झालेले ‘गाव-गाडा’ हे पुस्तक आपल्यातील वडीलधाऱ्यांनी वाचले असेल. गावाचा कारभार बलुतेदारांच्या आणि वतनदारांच्या हातून कसा चाले याचे चित्र त्यात आहे. राखणीचे काम कोठे महारांकडे, कोठे रामोशांकडे, तर आपल्या या भागात पुष्कळ ठिकाणी बेरडांकडे असे. या राखणीतील एक रीत आज ऐकण्यासारखी आहे. गावात चोरी झाली म्हणजे राखणदाराने चोराचा माग काढावयाचा. पावलांचा माग आपल्या शिवेपर्यंत नेऊन पोचविला आणि तो पुढच्या गावात शिरला असे दाखवून दिले, म्हणजे जबाबदारी त्या पुढच्या गावावर जाई. माग गावातच हरवला, तर चोरीची भरपाई राखणदारावर आणि गावावर येई. म्हणजे एका घरी झालेली चोरी ही साऱ्या गावाची बाब होती. शेजाऱ्याच्या घरात चोर शिरला असता पांघरूण डोक्यावर ओढून झोपणे कोणालाही परवडणारे नव्हते, कारण नुकसानीचा वाटा त्याच्याही दारात येणार होता.

ती व्यवस्था निर्दोष होती असे मात्र कोणी समजू नये. जे रात्रभर गाव राखीत, त्यांची वस्ती गावकुसाबाहेर असे. गावात काही नाहीसे झाले की पहिला संशयही त्यांच्यावरच येई. पुढे इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मावरून माणसाला चोर ठरविण्यास सरकारी शिक्का मिळाला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. रामोशी आणि बेरड हे दोन्ही समाज महाराष्ट्रात आज विमुक्त जातींच्या यादीत आहेत. ज्यांच्या भरवशावर गाव निर्धास्त झोपले, त्यांच्या वाट्याला हे आले. जुन्या गावगाड्याची स्तुती करताना एवढे आपण विसरता कामा नये.

ती घडी हळूहळू मोडली. मुंबई इलाख्यात १८६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने पाटलाला पोलिसी अधिकार देण्यात आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि आपला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्या राज्याने १९६१ साली गावची वंशपरंपरागत वतने रद्द करणारा कायदा केला. तो १ फेब्रुवारी १९६३ पासून अमलात आला. वतने गेली हे न्यायाचेच झाले. परंतु त्यांच्याबरोबर राखणीचे जे सामुदायिक बंधन होते तेही गेले, आणि त्याच्या जागी दुसरे बंधन आपण निर्माण केले नाही. पोलीस ठाणे आहे, पण ते पुष्कळ खेड्यांना मिळून एक. चोर आत शिरल्यापासून पोलीस येईपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळेत तुमचे काय ते शेजारीच.

आता शेजाऱ्यांकडे वळू. ‘सख्खे शेजारी, पक्के वैरी’ ही म्हण आपणांस पाठ आहे. ही वैरे कशावरून होतात ते पाहिले तर हसू येते, आणि त्यांचे परिणाम पाहिले तर रडू. बांध कोरला, न्हाणीचे पाणी दारात सोडले, पागोळ्या आमच्या भिंतीवर पडतात, फणसाची फांदी आमच्या कौलांवर आली, गुरे भातात शिरली, गाडीवाट अडविली. दर वर्षी नांगरताना एक वीत बांध कोरणारा शेतकरी दहा वर्षांत किती जमीन मिळवितो? फार झाले तर चार सऱ्या. आणि गमावतो काय? सुगीला हाक मारली तर येणारा माणूस, अडचणीला बैल देणारा माणूस, रात्री-अपरात्री उठणारा माणूस.

हे भांडण नवे नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सीमावादाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि हद्दीची खूण पुढे कोणी नाहीशी करू नये म्हणून कोळसे, हाडे, दगड अशा न कुजणाऱ्या वस्तू जमिनीत पुरून ठेवाव्यात असे त्यात सांगितले आहे. मराठेशाहीत असे वाद गोतसभेपुढे जात, साक्षी होत, आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर १९५३ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या सभांचे सविस्तर विवेचन आहे. गोतसभेत निकाल देणारे आणि निकाल ऐकणारे एकमेकांना ओळखत, दुसऱ्या दिवशी त्याच पाणवठ्यावर भेटत. पंच नेहमीच निःपक्ष असत असे नाही. बलवानाचे बळ तेथेही चालेच. पण वाद मिटल्यावर दोघांनी एकत्र नांदावयाचे आहे, ही जाणीव त्या सभेत हजर असे.

आजचा कायदा काय म्हणतो तेही माहीत असावे, कारण निम्मी भांडणे अज्ञानाने होतात. वाट, पाण्याचा निचरा, उजेड आणि हवा यांचा वहिवाटीने मिळणारा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात सांगितला आहे. तो जुन्या मुंबई इलाख्याला १८९१ पासून लागू झाला. उघडपणे, शांतपणे आणि खंड न पडता वीस वर्षे उपभोग घेतला असेल, तर असा हक्क मिळू शकतो. म्हणून शेजाऱ्याची तीस वर्षांची पायवाट ‘सात-बारावर नाही’ किंवा ‘पहाणीत नाही’ म्हणून एका रात्रीत काटे लावून बंद करणे हे शहाणपणाचे नव्हे. उलट, शेजाऱ्याने प्रेमाने जाऊ दिले म्हणून ती वाट आपल्या मालकीची झाली असे समजणेही बरोबर नव्हे. परवानगीने केलेला वापर वेगळा आणि हक्काने केलेला वेगळा.

हद्दीबद्दल शंका असेल तर कुदळ उचलण्यापूर्वी सरकारी मोजणी मागवावी. दोन्ही शेजाऱ्यांनी एकाच अर्जावर सही करून मोजणी मागितली, तर तिचा निकाल दोघांनाही मानवतो. एकाने गुपचूप आणलेली मोजणी दुसऱ्याला कधीच पटत नाही. मोजणी झाली की दगड दोघांच्या देखत रोवावेत, आणि घरातील पुढच्या पिढीला तेथे उभे करून दाखवावेत. आजोबांना माहीत होते आणि नातवाला ठाऊक नाही, अशा हद्दीवरच पुढचे खटले उभे राहतात.

आता मी खानापूर तालुक्यातील एका गावची हकीकत सांगतो. नावे सांगत नाही. दोघे चुलतभाऊ, एकाच जुन्या घराचे दोन भाग करून राहणारे. मध्ये एक भिंत, मागे दोघांचे परडे. थोरल्याच्या न्हाणीचे पाणी धाकट्याच्या परड्यातून जाई. वाटणीपत्रात त्याचा उल्लेख नव्हता. त्यावरून बोलाचाली झाली आणि येणेजाणे बंद पडले. पुढे धाकटा नोकरीसाठी पुण्यास गेला आणि घराला कुलूप लागले. शेजाऱ्याशी बोलणे नाही म्हणून त्याने पुढच्या दाराला लोखंडी जाळी केली आणि वळचणीला कॅमेरा बसविला. कॅमेऱ्याचे तोंड असे की थोरल्याच्या दारात कोण आले, कोण गेले, हे पुण्यात बसून दिसावे. थोरल्याच्या घरच्या बायकांना अंगणात वावरणे अवघड झाले. त्यांनी सांगून पाहिले, मग कॅमेऱ्यासमोर गोणपाट टांगले. त्यावरून दोघेही ठाण्यावर जाऊन आले.

भातकापणीच्या दिवसांत एका रात्री चोर मागच्या बाजूने आले. त्यांनी दाराला हातही लावला नाही. कौले सरकवून माळ्यावरून आत उतरले आणि तांब्यापितळेची सगळी भांडी, आजीची समई, देवघरातील चांदीचे टाक घेऊन गेले. थोरल्याला कौलांचा आवाज ऐकू आला होता. तो अंथरुणावर उठून बसला, आणि ‘त्यांचा कॅमेरा आहे की बघायला,’ असे म्हणून पुन्हा आडवा झाला. हे त्याने पुढे स्वतःच चारचौघांत सांगितले, आणि सांगताना त्याचा आवाज बसला होता. कारण ती समई ज्या आजीची, ती त्याचीही आजी होती.

मंडळी, यात दोष कोणाचा हे ठरविण्याची मला गरज वाटत नाही. त्या कुटुंबातील एका वृद्ध काकूंनी पुढाकार घेतला. दोघांना एका पंक्तीला बसविले, आणि न्हाणीपासून गटारापर्यंत नळ घालण्याचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्यास लावले. कॅमेऱ्याचे तोंड परड्याकडे आणि कौलांकडे फिरले. किल्ली थोरल्याच्या घरी खुंटीला लागली. समई मात्र परत आली नाही. जे काम शेवटी थोड्याशा नळाने झाले, ते आधी झाले असते तर देवघर रिकामे झाले नसते.

कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. परगावी राहणाऱ्याला त्याचा आधार वाटतो, आणि तपासाच्या कामी त्याचा उपयोग होतो. पण कॅमेरा पाहतो, तो उठत नाही, ओरडत नाही, काठी घेऊन धावत नाही. त्याचे तोंड आपल्या दारावर आणि आपल्या आवारावर असावे. शेजाऱ्याच्या अंगणावर, आणि न्हाणीवर तर मुळीच असू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला आहे. एखाद्या स्त्रीचे तिच्या खासगी क्षणी चोरून चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. कॅमेरा बसविण्यापूर्वी शेजाऱ्याला बोलावून त्यातून काय दिसते ते दाखवावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि त्याने पाच वर्षांचे वैर टळते.

कुंपणाबद्दलही एक इशारा दिला पाहिजे. आपल्याकडे रानडुकरे आणि गवे पिकात शिरतात. त्यांच्या बंदोबस्तासाठी घरच्या जोडणीवरून उघड्या तारेत वीज सोडण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. अशा तारेला चिकटून जनावरांबरोबर माणसेही मरतात, आणि त्यांत पुष्कळदा पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारीच असतो. हा अपघात नव्हे, गुन्हा आहे. क्षणिक झटका देणारी सौर कुंपणाची प्रमाणित यंत्रे निराळी. ती घ्यावीत, पाटी लावावी, आणि शेजाऱ्यांना सांगावे.

आता सर्वांत कठीण गोष्टीविषयी बोलतो. राखणीच्या नावाखाली संशय फार लवकर माजतो. गावात चोरी झाली की बोट कोणाकडे जाते? ऊसतोडीला आलेल्या टोळीकडे, भांडी विकणाऱ्या बाईकडे, माळावर उतरलेल्या पालांकडे. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ ही म्हण आपण गमतीने वापरतो. ती शब्दशः खरी झालेली आपल्या काळात आपण पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. त्याच महिन्यात आपल्याच राज्यात, बीदर जिल्ह्यात, तशाच अफवेतून हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याचा बळी गेला. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोरांच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. मारणारे सारे कोणाचे तरी शेजारी होते. आपण गाव राखतो आहोत असेच त्यांना वाटत होते.

म्हणून भ्रमणध्वनीवर आलेला निरोप पुढे धाडण्यापूर्वी ‘हे पाहिले कोणी?’ एवढे विचारावे. अनोळखी माणूस दिसला तर त्याला पाणी विचारावे, नाव-गाव विचारावे, शंका वाटली तर ११२ या क्रमांकावर कळवावे. हात उचलू नये. स्वतःच्या व घराच्या रक्षणाचा हक्क कायद्याने दिला आहे, पण तो आवश्यक तेवढ्या बळापुरता. पकडलेल्या माणसाला झाडाला बांधून मारण्याचा हक्क कोणालाही नाही.

आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात आचऱ्याला गावपळणीची प्रथा आहे, ती आपणांपैकी अनेकांना माहीत असेल. काही वर्षांच्या अंतराने ग्रामदैवत रामेश्वराचा कौल होतो, आणि सारे गाव गुराढोरांसह तीन रात्री शिवेबाहेर झोपड्या घालून राहते. घरे ओस असतात. त्या प्रथेमागची श्रद्धा कोणी मानो वा न मानो, मला तिच्यातील एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या तीन रात्री श्रीमंताची आणि गरिबाची चूल शेजारी-शेजारी मांडलेली असते, आणि वर्षानुवर्षे न बोलणारी माणसेही एकमेकांकडे विस्तव मागतात.

महाराष्ट्र सरकारने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तिच्यातही विचार हाच होता. गावातले तंटे गावातल्या समितीने समजुतीने मिटवावेत, आणि यश मिळविणाऱ्या गावाला बक्षीस मिळावे. आपण राज्याच्या सीमेच्या या बाजूला आहोत, पण चांगल्या विचाराला सीमा आड येत नाही.

आपल्या संस्थेला यात काय करता येईल, यासंबंधी चार सूचना नम्रपणे मांडतो.

पहिली. ज्या सभासदांची गावची घरे बंद असतात, त्यांची गाववार यादी संस्थेने करावी, आणि प्रत्येक घरासाठी गावातच राहणारा एक जबाबदार शेजारी नेमून घ्यावा. त्याच्याकडे किल्ली असावी, महिन्यातून एकदा त्याने कौले, वाळवी, विजेचा दिवा पाहावा. त्याचा मोबदला द्यावा. फुकटची राखण फार दिवस टिकत नाही, आणि गरीब शेजाऱ्याचे उपकार गृहीत धरणे हे सभ्यपणाचेही नव्हे. घर बंद करून जाताना ठाण्यातही लेखी कळवावे, आणि दागिने व देवाची चांदी बंद घरात ठेवू नये.

दुसरी. गावात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, विशेषतः विधवा भगिनींची, निराळी यादी असावी. त्यांच्याकडे रोज संध्याकाळी एक तरी हाक जावी. चोरापेक्षाही त्यांना भावकीतल्या दांडगाईचे भय अधिक असते. जमीन बळकावण्याची सुरुवात बहुधा अशाच घराच्या बांधापासून होते, आणि तेथे ‘शेजाऱ्याशी गोडीने घ्या’ असा उपदेश करणे म्हणजे अन्यायाला साह्य करणे होय. १९८७ च्या विधिसेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, वकिलाची मदत मोफत मिळते. तालुका समितीकडे अर्ज कसा करावा, हे सांगणारा एक माणूस संस्थेत असावा.

तिसरी. सभासदांच्या आपसातील बांधाचे, वाटेचे, पाण्याचे वाद न्यायालयात जाण्यापूर्वी संस्थेने दोन पुरुष आणि दोन स्त्रिया अशा चौघांपुढे ठेवावेत. स्त्रिया मुद्दाम सांगतो, कारण पाणी, परडे आणि अंगण यांचा रोजचा व्यवहार त्यांचा आहे, आणि भांडणाची सुरुवात व शेवट दोन्ही त्यांना ठाऊक असतात. समेट झाला तर तो लोकअदालतीपुढे नोंदवून घ्यावा. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नसते, आणि दावा आधीच दाखल असेल तर भरलेले न्यायशुल्क परत मिळते.

चौथी. गणपतीला आपण सारे गावी जातो. त्या वेळी आपल्या घरचा प्रसाद डाव्या-उजव्या दोन्ही शेजाऱ्यांकडे, मग त्यांची जात, भाषा, धर्म कोणताही असो, घरच्या मुलांच्या हाती पाठवावा. आमच्या भागात एका बाजूला मराठी बोलणारा, दुसऱ्या बाजूला कन्नड बोलणारा आणि समोर उर्दू बोलणारा असे शेजार पिढ्यान्‌पिढ्या नांदले आहेत. राज्यांच्या हद्दीचा वाद आपल्या अंगणात आणण्याचे कारण नाही. चोर कौले सरकवू लागला, तर कोणत्या भाषेत ओरडले याला महत्त्व नसते.

या सूचनांना फार पैसा लागत नाही, थोडा वेळ आणि थोडे मन लागते. आपल्या संस्थेने पन्नास वर्षे एकमेकांची अडचण भागविण्याचे काम केले, ते शहरात आलेल्या परक्या माणसांना शेजार मिळवून देण्याचेच काम होते. तेच काम आता मागे राहिलेल्या गावी नेणे आवश्यक आहे. ज्यांचे कोणाशी बोलणे बंद आहे, त्यांनी पुढच्या फेरीत आपल्या घराचे कुलूप काढण्यापूर्वी शेजारच्या दाराची कडी वाजवावी, एवढी विनंती करतो आणि संस्थेला दीर्घायुष्य चिंतितो.